पन्नाशीनंतर अचानक नोकरी गेली तर : राजीनाम्यावर सही करण्याआधी हे वाचा

"राजीनामा लिहून द्या, हिशेब आठ दिवसांत करून देतो. नाहीतर चार्जशीट लावू, मग काहीच मिळणार नाही."

वाळूज असो, चाकण असो, तळोजा असो की भिवंडीचे गोदाम, हे वाक्य पन्नाशी ओलांडलेल्या अनेक कामगारांना ऐकावे लागते. वीस-पंचवीस वर्षे ज्या गेटमधून आत गेलो, त्याच गेटजवळच्या केबिनमध्ये दहा मिनिटांत हा विषय उरकला जातो. घाबरलेला माणूस सही करून बाहेर पडतो आणि आपण काय गमावले ते त्याला महिन्या-दोन महिन्यांनी कळते.

पन्नाशीच्या माणसापुढे खरा प्रश्न असतो तो आजपासून पेन्शनचे वय येईपर्यंतच्या वर्षांचा. पंचविशीतल्या मुलाची नोकरी गेली तर तो दुसरी शोधतो. ५२-५३ व्या वर्षी दुसरी नोकरी मिळाली तरी पगार बऱ्याचदा निम्मा असतो, आणि पेन्शन ५८ शिवाय पूर्ण मिळत नाही. ही पाच-सहा वर्षे पार करायला हातात येणारा पैसा हाच पूल. तो पूल दोन वेळा मोडतो: एकदा केबिनमध्ये घाईच्या सहीने, आणि दुसऱ्यांदा घरात घाईच्या खर्चाने. या लेखात दोन्ही ठिकाणी काय सांभाळायचे ते पाहू.

जुन्या माणसाकडेच राजीनामा का मागतात?

कामगार कपातीचा कायद्यातला सर्वसाधारण नियम असा आहे की एका प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो आधी जातो. म्हणजे कपात करायचीच असेल तर २ वर्षांपूर्वी लागलेल्या मुलाचा नंबर आधी लागतो, २४ वर्षे झालेल्या चाचांचा नंतर. हा क्रम मोडायचा तर कंपनीला त्याची कारणे नोंदवावी लागतात. शिवाय सेवेची वर्षे जितकी जास्त, तितकी भरपाई जास्त.

म्हणूनच कपातीची नोटीस देण्यापेक्षा राजीनामा घेणे कंपनीला स्वस्त पडते. राजीनामा दिला की कागदावर ती कपात राहत नाही. माणूस "स्वेच्छेने" गेला असे होते, आणि स्वेच्छेने जाणाऱ्याला कपातीची भरपाई नसते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. जुना औद्योगिक विवाद कायदा, ग्रॅच्युइटी कायदा, वेतन कायदा हे सगळे त्यांत सामावले गेले. कपातीबाबतच्या मुख्य गोष्टी अशा:

- किमान १ वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला १ महिन्याची लेखी नोटीस किंवा नोटिशीऐवजी १ महिन्याचा पगार.
- सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराएवढी भरपाई.
- पुन्हा कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीत मालकाने १५ दिवसांचा पगार भरायचा. तो कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवा.
- ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कपातीआधी सरकारची परवानगी आणि ३ महिन्यांची नोटीस. पूर्वी ही मर्यादा १०० कामगारांची होती.
- कपातीनंतर वर्षभरात कंपनीने पुन्हा भरती काढली तर काढलेल्या कामगारांना आधी संधी.
- कामावरून काढल्यास किंवा राजीनामा दिल्यास राहिलेला पगार २ कामाच्या दिवसांत.

कारखाना पूर्ण बंद झाला तरी भरपाईचा हक्क आहे. मात्र मालकाच्या हातात नसलेल्या कारणाने तो बंद झाला असेल, तर भरपाईवर ३ महिन्यांच्या सरासरी पगाराची मर्यादा येते.

हे हक्क "कामगार" या व्याख्येत बसणाऱ्यांना आहेत. मॅनेजर, तसेच देखरेखीचे काम करणारा आणि महिना १८ हजारांहून जास्त पगार घेणारा सुपरवायझर त्यात येत नाही. त्यांनी नेमणूक पत्रातली नोटिशीची अट पाहावी. पण एक लक्षात ठेवा: नुसते "सुपरवायझर" असे पदनाव दिल्याने कोणी सुपरवायझर होत नाही, प्रत्यक्ष काम काय करत होता ते पाहिले जाते. ग्रॅच्युइटी आणि पीएफला तर हा भेद लागूच नाही.

एका सहीची किंमत

उदाहरण घेऊ. वय ५३, सेवा २४ वर्षे, शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १८,००० रुपये.

ग्रॅच्युइटी : १८,००० ला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे, मग २४ वर्षांनी गुणायचे. साधारण २,४९,२०० रुपये. ही राजीनामा दिला तरी मिळते.

कपातीची भरपाई : १५ दिवस गुणिले २४ म्हणजे ३६० दिवस, जवळपास एका वर्षाचा पगार. महिना ३० दिवसांचा धरला तर २,१६,००० रुपये. राजीनामा दिला तर शून्य.

नोटिशीचा पगार : १८,००० रुपये. कौशल्य निधी : सुमारे ९,००० रुपये. राजीनामा दिला तर हेही हातचे गेले.

म्हणजे केबिनमधल्या त्या दहा मिनिटांत २ लाख ४३ हजार रुपयांवर पाणी सोडले जाते. ग्रॅच्युइटीची रक्कम दाखवून "बघा, अडीच लाख देतोय" असे म्हटले जाते, तेव्हा ती रक्कम तशीही आपली होती हे माणसाला ठाऊक नसते.

काही कंपन्या स्वेच्छानिवृत्ती योजना काढतात. ती वाईटच असते असे नाही. योजनेत कायद्याच्या हिशेबापेक्षा बरीच जास्त रक्कम असेल तर विचार करायला हरकत नाही. पण आधी वरचा हिशेब आपल्या आकड्यांनी कागदावर मांडा, आणि जी रक्कम देऊ करतात ती ग्रॅच्युइटी धरून आहे की सोडून, हे लेखी विचारा.

दबाव आला तर

सही तिथल्या तिथे करू नका. "घरी विचारून सांगतो" एवढे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. कागद वाचायला मागा, फोटो काढता आला तर काढा.

दुसऱ्या दिवशी गेटवर अडवले तर गप्प घरी येऊन बसू नका. त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने पत्र पाठवा: "मी आज अमुक वाजता कामावर हजर झालो, मला आत घेतले नाही, मी काम करायला तयार आहे." हे पत्र नसेल तर कंपनी पुढे "न सांगता गैरहजर" असा शेरा मारू शकते.

दबावाखाली सही झालीच असेल तर एक-दोन दिवसांत लेखी कळवा की सही दबावाने घेतली आणि राजीनामा मागे घेत आहे. त्याची प्रत कामगार आयुक्त कार्यालयाला द्या. जितका उशीर, तितकी ही बाजू कमकुवत. अंतिम हिशेबाच्या पावतीवर सही करावी लागली आणि रक्कम कमी वाटत असेल, तर सहीजवळ "हक्क राखून" असे लिहा.

तक्रार जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात करायची. तिथे समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो. ४५ दिवसांत निकाल लागला नाही तर कामगार स्वतः न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. त्यासाठी नोकरी गेल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. जुन्या कायद्यात ती ३ वर्षे होती, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला आणि कोणत्याही महिलेला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे.

कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर नुसती वाट पाहू नका. नेमलेल्या अधिकाऱ्याकडे मुदतीत आपला दावा दाखल करावा लागतो. कंपनी विकून पैसा वाटताना कामगारांच्या शेवटच्या २४ महिन्यांच्या थकबाकीला तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीचे स्थान आहे.

कोणते कागद जपायचे

नेमणूक पत्र, ओळखपत्र, पगाराच्या स्लिपा, पगार जमा झाल्याचे बँक पासबुक, पीएफचा यूएएन क्रमांक, ईएसआय कार्ड, बढती किंवा पगारवाढीची पत्रे. कंपनीचा ईमेल बंद होण्याआधी त्यातली आपल्या नोकरीची कागदपत्रे काढून घ्या. अनुभवाचे प्रमाणपत्र मागून घ्या. पुढच्या नोकरीला आणि पीएफच्या वादात ते लागते.

आधार, पॅन आणि पीएफ यांतले नावाचे स्पेलिंग एकदा जुळवून पाहा. आपल्याकडे ही अडचण फार. एका कागदावर "मोहम्मद", दुसऱ्यावर "मो.", तिसऱ्यावर "मोहमद", कुठे "शेख" आधी, कुठे शेवटी. नोकरीत असताना ही दुरुस्ती कंपनीच्या मंजुरीने लवकर होते. नोकरी गेल्यावर त्याच दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात.

ग्रॅच्युइटी, पीएफ आणि पेन्शन

ग्रॅच्युइटी १० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला लागू आहे. कायम कामगाराला ५ वर्षांची सलग सेवा लागते, मुदतीच्या करारावरच्या कामगाराला आता १ वर्ष पुरते. ६ महिन्यांपेक्षा जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जातो. नोकरी संपल्यापासून ३० दिवसांत रक्कम द्यायची असते, उशीर केला तर व्याज लागते. कमाल मर्यादा २० लाख. नव्या संहितेत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग मूळ पगारात धरला जातो. त्यामुळे मूळ पगार कमी दाखवून ग्रॅच्युइटी कमी देण्याची जुनी युक्ती आता चालत नाही.

पीएफबाबत सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच महिन्यात सगळे काढणे. बेकारीत खात्यातली ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम आधी काढता येते, ५५ नंतर निवृत्ती घेतल्यास पूर्ण. पण काढता येते म्हणून काढायचीच असे नाही. नवा हप्ता जमा झाला नाही तरी खात्यातली रक्कम ५८ पर्यंत वाढत राहते. व्याजाच्या प्रश्नावर आपल्याकडे विचारणा होते. पगारातून सक्तीने कापल्या जाणाऱ्या पीएफवरच्या वाढीबाबत अनेक मुफ्तींनी सवलत दिली आहे. स्वेच्छेने वाढवून भरलेल्या रकमेबाबत मत वेगळे आहे. आपल्या खात्याचा तपशील घेऊन जाणकार आलिमांना विचारा.

पेन्शन हा पीएफचाच भाग, पण वेगळा हिशेब. १० वर्षे सेवा झाली असेल तर ५८ व्या वर्षी महिना पेन्शन सुरू होते. ५० नंतर ती लवकरही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी तितक्या वर्षांची, दरवर्षी ४ टक्के अशी कपात होते. ५३ व्या वर्षी सुरू केली तर जवळपास पाचवा हिस्सा कमी, आणि तो आयुष्यभर कमीच राहतो. थांबता येत असेल तर थांबा. सेवा ८-९ वर्षेच झाली असेल तर पेन्शनचे पैसे काढून न घेता योजना प्रमाणपत्र घ्या; पुढच्या नोकरीतली वर्षे त्यात मिळून १० होऊ शकतात.

ईएसआय आणि दवाखाना

पगार २१ हजारांपर्यंत असलेल्यांचा ईएसआय कापला जातो. नोकरी गेल्यावर त्याचा उपयोग असतो हे अनेकांना माहीतच नसते. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, आयुष्यात एकदा. कपातीमुळे किंवा कारखाना बंद पडल्यामुळे नोकरी गेली असेल तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. तिच्यात २४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळतो: पहिले १२ महिने ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के, सोबत उपचारही. दोन्हींसाठी ठरावीक काळ ईएसआयचे हप्ते भरलेले हवेत. दोन्हींमध्ये स्वेच्छेने नोकरी सोडणारा बसत नाही. म्हणजे राजीनाम्याची ती सही इथेही आड येते.

उलट, किमान ५ वर्षे विमा असलेल्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःला आणि जोडीदाराला ईएसआय दवाखान्याची सोय चालू ठेवता येते. जवळच्या शाखा कार्यालयात जाऊन आपण कशात बसतो ते विचारा.

कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर संपतो. शुगर, बीपी असलेल्या माणसाला पन्नाशीनंतर नवा विमा महाग पडतो. म्हणून नोकरी संपण्याआधीच विमा कंपनीकडे त्याच विम्याचे वैयक्तिक पॉलिसीत रूपांतर मागा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात. रेशन कार्डावर सगळ्यांची नावे बरोबर आहेत का ते आत्ताच पाहून घ्या, दवाखान्यात दाखल झाल्यावर धावपळ नको.

घरात आजच सांगा

रोज डबा घेऊन बाहेर पडायचे आणि संध्याकाळपर्यंत कुठेतरी बसून परत यायचे, असे महिनोन्‌महिने करणारी माणसे आहेत. लाज वाटते म्हणून लपवतात. तोवर घरात पूर्वीसारखाच खर्च चालू राहतो आणि पूल रोज थोडा थोडा झिजतो. त्यापेक्षा पहिल्या आठवड्यात बायको-मुलांना बसवून सगळा हिशेब मांडा. मुले मोठी असतील तर त्यांच्यापुढेही मांडा.

हिशेब असा करायचा. घरखर्च महिना २२,००० आणि मुलाची कमाई १२,००० असेल, तर महिन्याला १०,००० ची तूट. ५३ ते ५८ म्हणजे ६० महिने. तूट ६ लाख. महागाई धरली तर आणखी जास्त. ग्रॅच्युइटी, भरपाई आणि पीएफ मिळून आलेली रक्कम याच तुटीसाठी आहे हे घरातल्या सगळ्यांना कळायला हवे.

आता लग्नाचा विषय. हातात एकरकमी पैसा आला की नातेवाईक म्हणतात, "आता मुलीचं उरकून टाका." निकाह जरूर करा, पण ३ लाखांचा हॉल आणि जेवण म्हणजे वरच्या हिशेबाने ३० महिन्यांचे राशन. साधा निकाह, घरापुरता वलीमा यात कमीपणा काही नाही. ज्या घरात नुकतीच नोकरी गेली आहे, तिथे व्याह्यांनीही हे समजून घ्यावे.

आणखी एक. अडचणीत सगळ्यात आधी बायकोच्या दागिन्यांकडे हात जातो. मेहरचे आणि माहेरचे दागिने ही तिची मालमत्ता आहे. ती राजीखुशीने देईल तर तिचे मन मोठे, पण ते गृहीत धरू नका, आणि घेतले तर कर्ज म्हणून लिहून ठेवा.

पैसा कुठे अडकवू नये

पहिले ६ महिने नवा धंदा नको. "भाईजान, पाच लाख टाका, पार्टनर करतो" असे म्हणणारे याच काळात भेटतात. ज्या धंद्याचा अनुभव नाही, त्यात पूल घालू नका.

हलाल नफ्याच्या नावाने येणाऱ्या योजनांपासून खास सावध राहा. बंगळूरुच्या आय मॉनेटरी ॲडव्हायझरी या कंपनीत हजारो मुस्लिम कुटुंबांनी निवृत्तीचे आणि मुलींच्या लग्नाचे पैसे ठेवले होते. जून २०१९ मध्ये ती कोसळली. दरमहा ठरावीक मोठा नफा देण्याचे कोणी सांगत असेल, तर दाढी-टोपी पाहून नव्हे, सेबी किंवा रिझर्व्ह बँकेकडची नोंदणी पाहून निर्णय घ्या. शरियतला धरून चालणारे म्युच्युअल फंड आहेत, पण तो शेअर बाजार आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा तिथे ठेवायचा नसतो.

घराचा किंवा गाडीचा हप्ता चालू असेल तर पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेला लेखी कळवा आणि हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा. हप्ता चुकल्यावर बोलणे कठीण होते. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. मोबाईल ॲपवरचे झटपट कर्ज तर अजिबात नको.

जकातीबद्दल दोन शब्द. एकरकमी रक्कम निसाबाच्या वर राहिली आणि चांद्रवर्ष पूर्ण झाले तर जकातीचा प्रश्न येतो. तो आलिमांना विचारून सोडवा. उलट बाजूही आहे: कर्जात बुडालेला माणूस हा जकातीच्या आठ हक्कदारांपैकी एक आहे. काल जकात देणाऱ्याला आज ती घ्यावी लागली तर त्यात अपमान नाही. मोहल्ल्याच्या बैतुलमालने अशा घरांकडे स्वतःहून जावे, रांगेत उभे करू नये.

आखातातून परतलेल्यांसाठी

रत्नागिरी, खेड, चिपळूण, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन इथली कितीतरी घरे आखाती नोकरीवर उभी आहेत. तिथे नोकरी गेली तर व्हिसाही जातो, म्हणून हिशेब तिथेच पूर्ण करून निघणे महत्त्वाचे. सौदीत सेवेच्या पहिल्या ५ वर्षांसाठी वर्षाला अर्धा महिना आणि पुढे वर्षाला १ महिना असा सेवा समाप्ती लाभ आहे. अमिरातीत पहिल्या ५ वर्षांसाठी वर्षाला २१ दिवस आणि पुढे ३० दिवसांचा मूळ पगार. अमिरातीत २०२३ पासून बेरोजगारी विमाही आहे. किमान १२ महिने हप्ते भरले असतील तर मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम ३ महिन्यांपर्यंत मिळते, पण राजीनामा दिलेल्याला नाही.

पैसे हातात येण्याआधी "सर्व मिळाले" अशा अरबी कागदावर सही करू नका. आधी कोणाकडून तरी वाचून घ्या. रक्कम अडकली तर भारतीय दूतावासात किंवा सरकारच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवा. परत आल्यावर इथे पीएफ, पेन्शन काही नसते, म्हणून आणलेला पैसा हीच पेन्शन समजा. गावात दुसरा मजला चढवण्यात तो घातला तर भिंती उभ्या राहतात, चूल चालत नाही.

पुन्हा काम

पूर्वीचाच पगार मिळेल तेव्हाच जाईन, हा हट्ट महाग पडतो. महिना १०,००० ची तूट भरेल एवढे काम मिळाले तरी पूल शाबूत राहतो. जुना फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन लहान वर्कशॉपला हवा असतो. स्टोअर किंवा हिशेब सांभाळलेल्या माणसाला दोन-तीन दुकानांचे अर्धवेळ काम मिळू शकते. अर्जात वयापेक्षा काय काय येते ते आधी लिहा. जुन्या सहकाऱ्यांना, सप्लायरना, मशिदीत भेटणाऱ्या व्यापाऱ्यांना स्पष्ट सांगा की काम शोधतो आहे. अशा वयात काम जाहिरातीपेक्षा ओळखीतून जास्त मिळते. महास्वयम पोर्टलवर नोंदणी फुकट आहे. नोकरीसाठी आधी डिपॉझिट मागणारा बहुधा ठग असतो.

स्वतःचे काही सुरू करायचेच असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात वयाची वरची अट नाही, आणि अल्पसंख्याकांना शहरात २५ तर ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे. बाकीचे मात्र बँकेचे कर्ज असते, हे धरून चाला.

यंत्रमागावर किंवा रोजंदारीवर आयुष्य गेलेल्यांकडे स्लिप नसते, पीएफ नसतो. त्यांनीही हार मानू नये. हजेरीची वही, आगाऊ रकमेच्या नोंदी, सोबतच्या कामगारांच्या साक्षी हाही पुरावा असतो.

मन सांभाळा

सकाळी उठून जायला कुठेच नसणे हे पैशाच्या ओढीइतकेच जड असते. झोप उडणे, चिडचिड, जमातीत जायचे टाळणे ही लक्षणे घरच्यांनी ओळखावीत. "अब्बा हल्ली बोलत नाहीत" हे हलके घेऊ नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते. रिज्क देणारा अल्लाह आहे हा आपला ईमान, आणि उंट बांधून मग तवक्कुल करावे ही आपली शिकवण. डॉक्टरकडे जाणे, वकिलाकडे जाणे हे उंट बांधणेच आहे.

पहिल्या ३० दिवसांची यादी

- पहिला दिवस : सही नाही. कागदाची प्रत मागा. घरी सांगा.
- पहिला आठवडा : कागद गोळा करा, भरपाईचा हिशेब मांडा, गेटवर अडवले तर पत्र पाठवा, ग्रुप विम्याची चौकशी करा.
- दुसरा आठवडा : कामगार कार्यालय किंवा विधी सेवा प्राधिकरण, ईएसआय शाखा, कर्ज असेल तर बँक.
- तिसरा आठवडा : ग्रॅच्युइटीचा लेखी अर्ज, यूएएनमधली नावाची दुरुस्ती, महास्वयमवर नोंदणी.
- चौथा आठवडा : घरखर्चाची तूट काढा, ५८ पर्यंतचे महिने मोजा, आणि ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा.

ही यादी फ्रिजवर लावा किंवा मोबाईलमध्ये ठेवा. आपली नोकरी सुरक्षित असेल तर मोहल्ल्यात ज्याला आज लागेल त्याला पाठवा. केबिनमध्ये बोलावणे येते तेव्हा वाचायला वेळ मिळत नाही.